वेणीवाली पडली त्या दिवशी

प्रिय धाकटे,

फोनवर आईचा विषय निघाला की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी दार वाजवतं. तीन वर्षं मी त्या दाराचा मान राखला. आता कागदावर लिहितेय. मध्येच उठून जायचं असेल तर जा, पण परत येऊन वाच, आणि माझ्यावर डाफरायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर डाफर.

आधी घरची खबर. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. काचा घासते, दांड्या वाकवते, आणि साठीच्या बायकांना ही फ्रेम तुम्हाला वयानं लहान दाखवते असं तोंड वर करून सांगते. आईजवळ दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू बसतात. आई मला ओळखते, पण दिवसातून एखाद्या वेळी मी तिची बहीण होते. मीही मुकाट्यानं मावशी होऊन घेते, वाद कोण घालणार? तिचं चालणं आता पलंगापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत. तेही माझ्या खांद्यावर हात टाकून, आणि वर माझ्याच चालण्यात खोट काढत.

टीव्ही मात्र परवापर्यंत सुटला नव्हता, आणि टीव्हीवर आपलं तेच, बायकांच्या शर्यती. तुला आठवतं ना गं? हॉटेलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून ती घरी यायची, पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडायची आणि म्हणायची, दिवसभर मी उभी होते, आता या पळू देत, मी बसून बघते. पुरुषांची शर्यत लागली की उठून भांडी घासायला जायची. त्यांना बघणारे पुष्कळ आहेत म्हणायची. परक्या देशांतल्या त्या पोरींची नावं तिच्या जिभेवर बसायची नाहीत, म्हणून तिनं प्रत्येकीला आपलं नाव ठेवलं होतं. उंचाडी, नखरेल, रडकी, आणि ती कोपरं मारणारी खडूस. पहिली येते तिच्यावर तिनं कधी जीव लावला नाही. तिला काय, तिला सगळं जग आहे, असं तिचं म्हणणं.

वेणीवाली पहिल्यांदा दिसली तेव्हा ती शेवटून दुसरी आली होती. बाकीच्या जमिनीवर आडव्या झालेल्या, आणि ही बाई बाजारात निघाल्यासारखी वेणी सावरत उभी. आई बादलीतून पाय न काढता म्हणाली, ही आपली. तेव्हा तुझीही वेणी कमरेपर्यंत होती आणि तूही परीक्षेत नापास होऊन आलीस तरी आधी आरशात बघायचीस. मग काय, आठशे मीटर म्हणजे आपल्या घरचं कार्य झालं. पहिल्या फेरीत ती मागे मागे राहायची, आणि आपण तिघी तिला शिव्या घालायचो. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की आई ताडकन उभी राहायची. ती घंटा बसून ऐकायची नाही असा तिचा दंडकच होता. पाणी सांडायचं, फरशी पुसायची मी, आणि तुम्ही दोघी नाचणार. तिला कांस्यपदक मिळालं तेव्हा तू जिना उतरून काकूंना सांगायला गेलीस, आणि आपल्या नात्यातली कुणी मुलगी पास झाली असं समजून काकूंनी तुझं तोंड भरून अभिनंदन केलं. आई किती हसली होती!

आणि मग तो दिवस. तू सासरहून बॅग घेऊन आलीस, आणि आई तुला म्हणाली, नवऱ्याकडे परत जा, चार दिवसांत सगळं निवळतं. तू मान वर करून तिला गळ्यावरचा वळ दाखवलास, तरी ती तेच म्हणाली. मी तिथेच उभी होते. तुला वाटतं तेवढं मला तिचं समर्थन करायचं नाहीये. ती चुकली, साफ चुकली. तू त्याच्याकडे न जाता दूर निघून गेलीस ते बरोबर केलंस, आणि एकटीनं जे उभं केलंस त्याचा मला अभिमान आहे. फक्त एवढंच सांगते, त्यानंतर तिनं तुझं नाव घेतलं नाही, आणि शर्यत लागली की तिच्या शेजारी तुझी जागा सोडून बसायची. मी चुकून तिथे टेकले तर कोपरानं ढकलायची.

गेल्या वर्षी शर्यत बघता बघता वेणीवालीकडे बोट करून ती काकूंना म्हणाली, ही माझी धाकटी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्याच दिवशी तिला दुकानात नेऊन डोळे तपासले, दुसरं काय सुचणार मला? नंबर अगदी बरोबर होता. भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळसुद्धा तिनं घडाघडा वाचली. तिला वेणीवाली स्पष्ट दिसत होती, आणि ती वेणीवाली म्हणजे तू होतीस.

मी तिला दुरुस्त केलं नाही. का करू? दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडी तू आली होतीस. धाकटी घरी का येत नाही याचं उत्तर तिला आपोआप मिळालं होतं. पोर पळतेय, तिला वेळ नाही. शर्यत नसेल त्या दिवशी मी जुनी लावून द्यायचे. ती पडद्याकडे बघत तुझी विचारपूस करायची. वाळली आहे, नीट जेवत नसेल, एवढ्या थंडीत उघडे दंड कशाला. एकदा मला म्हणाली, बघ, मागे राहिली तरी थांबत नाही ती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. तुला सांगते, मला तुझा हेवा वाटला. पडद्यावरच्या मुलीवर एवढी माया, आणि रोज अंघोळ घालणारीच्या वाट्याला मात्र कोपर.

परवाच्या रविवारी अंतिम शर्यत होती. तू बघितलीसच असशील, तू चुकवणार नाहीस. आम्ही दोघी बसलो होतो. काकू नातेवाइकांकडे गेल्या होत्या. वेणीवाली नेहमीसारखी मागे. घंटा वाजली आणि आई खुर्चीचे हात धरून उठली गं. माझा आधार न घेता. मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिले. शेवटच्या वळणावर वेणीवाली बाहेरून निघाली, एकेकीला मागे टाकायला लागली, आई ओरडायला लागली, आणि तेवढ्यात पुढच्या पोरीचा पाय मागे आला आणि ही पडली. नुसती पडली नाही, तोंडावर आपटली. बाकीच्या तिला चुकवून निघून गेल्या. ती उठायला गेली आणि पुन्हा खाली बसली. मग कॅमेरा जिंकणारीकडे गेला, तिचा झेंडा, तिचे फोटो. वेणीवालीला स्ट्रेचरवर घालून नेताना जेमतेम क्षणभर दाखवलं. पुढे तिचं काय झालं ते त्यांनी सांगितलंच नाही.

आई पडद्याशी गेली. काचेवर हात ठेवून त्या गर्दीत तुला शोधत होती. मला वाटलं आता किंचाळेल. पण ती अगदी हळू आवाजात बोलायला लागली. मी एक अक्षर इकडचं तिकडे करत नाहीये. म्हणाली, ये बाळा, घरी ये. तिकडे नको जाऊस. मी म्हटलं होतं जा म्हणून, ते जाऊ दे, मला कळलं नाही. तुझा वळ मी बघितला होता. तू ये, मी नाही पाठवणार.

धाकटे, तिनं बघितला होता.

तेव्हापासून ती जेवत नाही. ओठ मिटून घेते. दोन घोट पाणी गेलं तरी मी देव पावला म्हणते. उठली का ती, एवढंच विचारते. मी सांगितलं उठली, बरी आहे. विश्वास नाही. जुन्या शर्यती लावल्या तर तोंड फिरवते, या आधीच्या आहेत म्हणते. बघ, एवढं मात्र तिला कळतं. डॉक्टर घरी येऊन गेले, जवळच्यांना बोलावून घ्या म्हणाले. जवळचं आहे कोण आपल्याशिवाय? तू तिला माफ करावंस असं मी म्हणत नाही. तो हिशेब तुझा आहे, मी त्यात पडणार नाही. ती तुला ओळखेल अशी खात्रीही मी देत नाही. कदाचित तुला परकी समजून तुझ्याकडेच धाकटीची चौकशी करेल. तरी ये. काही बोलू नकोस, रडू नकोस, हवं तर लगेच परत जा. फक्त एकदा दारातून तिच्या पलंगापर्यंत तुझ्या पायांनी चालत ये, म्हणजे तिला दिसेल की तू उठलीस.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई