फाटलेला कागद कागदच असतो

अण्णा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण हात वळला नाही.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. कुडपणहून काकांचा फोन आला होता. दादाला एकट्यालाच बोलव म्हणाले, बायकोला नको, अण्णांना आवडलं नसतं. फोन ठेवला आणि काकांपेक्षा तुमचाच जास्त राग आला, म्हणून लिहायला बसले.

तुमचा विज्ञानाचा तो तास आठवतो? टेबलावर मेणबत्ती पेटवली होतीत. वितळलेलं मेण परत घट्ट होतं, तो भौतिक बदल. जळलेलं परत येत नाही, तो रासायनिक. आम्ही मुकाट्याने उतरवून घेतलं. एकटी सुनीता उठली, बौद्धवाडीतली. तिने वहीचं पान टरकन फाडलं.

"गुरुजी, ह्यो कागुद पन परत जुळत नाय. मंग ह्यो रासायनिक का?"

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

"हुशार आहेस गो. परत येतं का, हे विचारायचंच नाही. नवा पदार्थ झाला का, ते विचारायचं. कागद फाटला तरी कागदच."

घरी येऊन आईलाही किती कौतुकाने सांगितलंत!

पुढे दादाने त्याच सुनीताशी लग्न केलं, तेव्हा कुठे गेला हो तो धडा? दर मार्चला शाळेची मुलं घेऊन चवदार तळ्यावर जायचात. घरी मात्र दोघांना दारातच थांबवलंत. म्हणालात, "हा रासायनिक बदल झाला. माझा मुलगा आता परत येणार नाही."

स्वतःच्याच विषयात चुकलात, अण्णा! कुठला नवा पदार्थ झाला होता दादाचा? अजून चहा बशीत ओतूनच पितो. तुम्ही दवाखान्यात भिंतीकडे तोंड फिरवलंत, तरी जाताना तुमच्या पायांवरची चादर नीट करून गेला.

शेवटी सावित्रीच्या काठी त्यानेच अग्नी दिला. वहिनी वर रस्त्यावर उभी होती. तुमची राख झाली. रासायनिक बदल म्हणतात तो हा. आता तुम्हाला काही मागे घेता येत नाही. त्याआधी नुसता कागद फाटला होता, आणि तुम्ही तो जाळल्यासारखे वागलात.

काकांना कळवलं आहे, दोघंही येतील. उद्या वहिनीला मी हाताला धरून घरात आणणार. स्वयंपाक ती आणि मी करू, आणि तुमचं पान तीच वाढेल. तुम्हाला आवडलं नसतं, ठाऊक आहे. तरी वाढेल.

तुमच्याच वर्गातली,
नलू