गोठलेल्या कुरणातला झरा

आप्पा,

आधी तक्रार. डच मुलखाच्या टोकाच्या या दक्षिण लिम्बुर्गात नळाला पाणी येत नाही, खडू येतो. किटली दर पंधरवड्याला व्हिनेगरने घासा, तरी चहावर अशी साय धरते की पाहुण्यांना वाटावं, दूध म्हशीचं आहे. आधी ब्रेडा शहरात होतो तेव्हा एवढा अत्याचार नव्हता. तुमचे जावई म्हणतात, "फिल्टर घेऊ." अहो, खाली अख्खी टेकडी चुनखडीची आहे, तिला कुठला फिल्टर लावणार?

भूजल खात्यात तुमचा जन्म गेला, पण तो आपल्या काळ्या कातळात. चुनखडी तुम्ही पाहिली नाहीत. पाऊस तिच्या भेगांतून खाली उतरतो, चिकणमातीचा थर आडवा आला की उताराच्या पायथ्याशी बाहेर पडतो. इथला एक हौशी गट असे झरे शोधून नकाशावर चढवतो. टोमण्यांखेरीज आईला दुसरा छंद हवा, असं तुमच्या नातीचं मत पडलं, म्हणून मीही त्यात.

परवा, ऑगस्टनंतर दुसऱ्यांदा, आम्ही एका कुरणात उभे. सगळं गवत गोठलेल्या दहिवरानं पांढरं, मधोमध एक हिरवी पट्टी आणि टीचभर पाणी. शेतकरी ते बुजवून ट्रॅक्टरची वाट काढणार होता. झरा ठरला तरच थांबणार. गटाचे म्होरके, निवृत्त मास्तर, म्हणाले, "मेफ्राऊ," म्हणजे बाईसाहेब, "हा निचऱ्याचा फुटका पाइप. चला, कॉफी गार होते."

मला तुम्ही दिसलात. मे महिन्यात गावात शिरलात की सरपंचाआधी हंडेवाल्या बायांना गाठायचात, "वैनी, सध्या पाणी कुठलं?" मग तिथे हात बुडवून शंभर मोजायचे. उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट, तर ते खोलातलं. मी हात लवकर काढला की ओरडायचात, "पाणी काय चावतंय?"

मी हात बुडवला आणि मास्तरांना म्हटलं, "ऑगस्टमध्ये इथे माझी बोटं बधिर झाली, आज ऊब लागतेय. तुमच्या पाइपाला ऋतू कळत नाहीत का?" ते हसले नाहीत. थर्मामीटर काढला. माझ्या वहीतला ऑगस्टचा आकडा आणि आजचा, एकच. "पाइप नाही," ते म्हणाले. शेजारी उभ्या शेतकऱ्याने टोपी मागे सारली. "बरं, वाट पलीकडून नेतो. हे शिकलात कुठे?"

"वडिलांकडे." माझं डच नेहमी लंगडतं. या शब्दाला नाही लंगडलं.

तुम्ही गेलात तिथे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून कबुली इथेच. दहावीच्या सुट्टीत तुमच्याबरोबर फिरतीवर आले होते, तेव्हा एका कपारीतल्या पाण्यात मी तीसच मोजले आणि "शंभर झाले, गार आहे" म्हणाले. तुम्ही विश्वासाने वहीत लिहिलंत. परवा सगळे कॉफीला गेल्यावर मी मागे राहिले, बाही वर सारली, आणि एकतीसपासून पुढे मोजायला लागले.