बटणांच्या डब्यातली चिठ्ठी

शनिवार, ता. १२ जुलै

चिरंजीव दिवट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. माझे गुडघे आहेत तिथंच आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझी लेक उंचीनं माझ्या खांद्याला लागली आणि तोंडानं माझ्या डोक्यावरून गेली. शिंप्याच्या दुकानातली काजंबटणं मी अजून घरी आणून करते. सुई ओवून द्यायला नात लागते आणि पत्र लिहायला तुझी बायको. ती समोर बसली आहे, चेहरा दगडासारखा ठेवून. आता हे तिनं लिहिलं की गाळलं, देव जाणे.

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं. देवानं तुला हाक मारली, चर्चची मंडळी तुला पाळक नेमणार, म्हणून घरच्यांची काही हरकत नाही अशी साक्ष आईनं लिहून द्यावी, असं तुझं म्हणणं.

बाळा, मी तुला ओळखते. तू शिलाई मशीन विकायचास तेव्हा चांगल्या चालत्या मशीनवर हात ठेवून म्हणायचास, "आजी, याचा जीव गेलाय." आणि नवं गळ्यात मारायचास. एका म्हातारीनं रडून मशीनला निरोप दिला होता. म्हणून विचारते, ती हाक नक्की तुलाच होती का? शेजारी कुणी उभं नव्हतं ना? आणि आवाज देवाचाच होता कशावरून? तुझा स्वतःचा आवाजही काही कमी गोड नाही.

पत्रात तू बायबलातल्या माणसांची यादीच दिली आहेस. एक जण खून करून पळालेला, वर बोलताना अडखळणारा. एकानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा ओळख नाकारली. आणि तो धाकटा, ज्यानं हाताला करडाचं कातडं बांधून आंधळ्या बापाकडून थोरल्याचा आशीर्वाद लाटला. असल्यांनाच देव बोलावतो, म्हणतोस. बोलावत असेल. चांगली माणसं कामात असतात.

पण त्या कातड्याच्या गोष्टीत सगळे मुलालाच बोलतात. कातडं बांधून दिलं कुणी? आईनं. अंगाशी आल्यावर पळ म्हणून सांगितलं कुणी? आईनंच. पुढं तिचं काय झालं ते पाळक कधी सांगत नाहीत. मी दर वेळी कान देऊन बसते.

असो. शिंप्यानं नवा चष्मा घेतला. आता तो उलटं कापतो ते त्याला स्पष्ट दिसतं.

सूनबाई म्हणते, "आई, विषय बदललात."

मी म्हटलं, "तू लिही. परीक्षा घेऊ नकोस."

तुझं पत्र हिनंच मला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर मधेच थांबली आणि एकदम खालून वाचायला लागली. मला अक्षर येत नाही, पण टाका कुठं सुटला ते बोटाला कळतं. त्याला आठ दिवस झाले. चहा वेळेवर, भाजीत मीठ बरोबर. तेच वाईट. भांडणारी सून परवडली.

आणि हे आठ दिवस बटणांचा डबा मला हाका मारतो आहे. देव नसेलही, डबाच असेल. पण हाक आहे.

तर आता लिही, सूनबाई. हात थांबवू नकोस.

तू गेलास त्या सकाळी मी प्रार्थनेला गेले होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. गेले नव्हते. तू फसवलेली माणसं दारात यायला लागली होती. तुझी बॅग मी भरली. सदऱ्याचं तुटलेलं बटण उभ्या उभ्या लावून दिलं. निघताना तू बायकोसाठी चिठ्ठी दिलीस, "हिच्या हातात दे" म्हणालास. मी दिली नाही. बटणांच्या डब्यात तळाशी घातली. वाटलं, यात हिला बोलावणं असेल. ही गेली की पाळण्यातली नातही जाईल, आणि मी रिकाम्या घरात काजं करत बसेन. मला वाचता येत नव्हतं, आणि वाचून घ्यावी तर घरात हिच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढं मंडळीतल्या बायका म्हणाल्या, हिच्या तोंडामुळं नवरा गेला. मी गप्प बसले. गप्प नव्हे. मान डोलावली.

इथं लिहिणं थांबलं होतं. मी डबा पुढं सरकवला. हिनं सगळी बटणं टेबलावर ओतली, चिठ्ठी उलगडली आणि मोठ्यानं वाचली. "दोन दिवस गाडीच्या अड्ड्यावर थांबतो. बाळाला घेऊन ये. नाही आलीस तर समजेन." संपली. नऊ वर्षं मी एवढ्याशाला भ्यायले.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"आठ दिवसांपासून. 'तिच्यासाठी तुझ्याजवळ चिठ्ठी दिली होती, तिनं उत्तरच पाठवलं नाही,' असं लिहिलंय त्यांनी. तुम्ही स्वतःहून सांगता का, बघत होते."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर जन्मभर मीठ बरोबर पडलं असतं."

मग पेन उचलून, खाली बघतच म्हणाली, "मी गेले नसते, आई. पण ते 'नाही' माझं होतं. तुम्ही म्हणून टाकलंत."

मी टेबलावरची बटणं एकेक करून डब्यात भरायला लागले. लिहून ठेव, असं पुन्हा व्हायचं नाही.

तर दिवट्या, साक्ष माझ्याकडून मिळणार नाही. चोराच्या सोबतिणीची साक्ष कोण धरतं? देवानं खरंच बोलावलं असेल, तर त्याला तुझ्या आईचा कागद लागायचा नाही. मंडळीला लागत असेल, तर हेच पत्र उभं राहून वाचून दाखव, एक ओळ न गाळता. तेवढं जमलं तर मीही म्हणेन, हाक तुलाच होती.

आणि हरकत आहे की नाही, ते हिला विचार. टपालानं नाही. स्वतः ये, दारात उभा राहा आणि विचार. दार उघडायचं की नाही, ते ती ठरवेल. मी कडीला हात लावणार नाही. आत बसून कान मात्र देईन.

खाली अंगठा माझा आहे, अक्षर हिचं. मी सांगितलं तेच लिहिलंस ना, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शब्दन् शब्द." तपासायला मला येत नाही.

ठेवते विश्वास.

तुझी आई