राइट टाउनचं घर शकुच्या नावे

मी, शैलजा श्रीरंग खानझोडे, वय वर्षे अडुसष्ट, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार राइट टाउन, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणाले की कायद्याला त्यांची गरज नाही. कोणाचा दबाव नाही, कोणाची फूस नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

१. माझे यजमान श्रीरंग तीन वर्षांपूर्वी वारले. मागे माझी एकुलती मुलगी विनीता, रायपूरला डॉक्टर, आणि श्रीरंगांची धाकटी बहीण शकुंतला. तिला आम्ही शकु म्हणतो. लग्नानंतर दीड वर्षात ती विधवा झाली आणि आमच्याकडे आली. त्याला छत्तीस वर्षं झाली.

२. बँकेतल्या ठेवी आणि दागिने विनीताला. माझ्या बांगड्या तिच्या हातात जाणार नाहीत. तिने त्या खुशाल मोडाव्या.

३. कुंडमच्या रानातून मी गोळा केलेली गवतं, वाळवून कागदांवर चिकटवलेली, माझ्या विभागाला द्यावीत. दर पावसाळ्यानंतर कपाट उघडून कसर लागली नाही ना, ते पाहावं. हे काम शिपायावर सोडू नये.

४. टाइपरायटर विनीताने ठेवावा. त्यावर श्रीरंगांनी माझा प्रबंध टाइप केला. फॅक्टरीतून यायचे, चहा घ्यायचे आणि गवतांची लॅटिन नावं एकेक अक्षर शोधत बसायचे. सोबती त्यांना "बायकोचा बाबू" म्हणून चिडवत. ते म्हणत, "नोकरी पक्की आहे."

५. सन १९७९ मध्ये मी अभ्यासरजा मागितली, तेव्हा आमचे तत्कालीन विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, पहले तय कर लीजिए, बच्ची पालनी है या पीएचडी करनी है." त्यांच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. निवृत्तीच्या समारंभात मी माइकवर सांगितलं की मी दोन्ही करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते खरं नव्हतं. पीएचडी मी केली. बच्ची शकुने पाळली.

६. राइट टाउनचं घर, जे माझ्या कमाईचं असून माझ्या एकटीच्या नावे आहे, ते अंगणातल्या आवळ्यासकट शकुला द्यावं. का, ते इथे लिहून ठेवणं भाग आहे.

प्रबंधाच्या त्या वर्षांत आम्ही कांचघरला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. मी महिन्यातले आठ-दहा दिवस कुंडमला असे. विनी चार वर्षांची. ती शकुला आई म्हणायची आणि मला, माझे विद्यार्थी म्हणत तसं, मॅडम. सगळे हसायचे. मीही हसायची.

१९८० च्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोघींना कुंडमला घेऊन गेले. तिथे भाऊराव म्हणून शाळामास्तर होते, मूळचे वर्ध्याकडचे, विधुर. रानातल्या वाटा त्यांनीच मला दाखवल्या होत्या. पंधरा दिवस ते रोज यायचे. पुढच्या खेपेला त्यांनी माझ्या हातात एक पत्र दिलं. "वाचून श्रीरंगरावांना द्या, आणि शकुंतलाबाईंना विचारा. त्यांची हरकत असली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी ते पत्र श्रीरंगांना दिलं नाही. शकुला विचारलं नाही. शकु गेली तर विनीकडे कोण पाहील, हा एकच विचार मनात होता. भाऊरावांना म्हणाले, "थोडं थांबा." प्रबंध जमा झाला की सांगू, असं मी स्वतःला बजावलं. ते सव्वा वर्ष थांबले. मग त्यांची बदली मंडल्याला झाली आणि तिथे त्यांनी लग्न केलं. दोन महिन्यांनी माझा प्रबंध जमा झाला. पेढे शकुनेच वाटले.

गेल्या माघात मी हे शकुला सांगितलं. ती मटार सोलत होती. हातातली शेंग तिने तशीच ताटात ठेवली आणि उठून गेली. अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढत होती, औषधाची वेळ पाळत होती, फक्त बोलत नव्हती. बाराव्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली.

"वहिनी, मी गेली असती का राहिली असती, मले नाही माहीत. विनी माझ्याच कुशीत झोपे. कदाचित नाहीच म्हटलं असतं मी. पण मले विचारायले पाहिजे होतं न?"

मी म्हणाले, "हो."

मग ती म्हणाली, "दिसायले कसे होते ते, सांगा बरं. मले चेहरा आठवून नाही राहिला."

मी सांगितलं. उंच होते, चालताना एका पायाने किंचित लंगडायचे, विनीसाठी खिशात बोरं ठेवायचे. ती ऐकत राहिली. मला आठवत होतं तेवढं सगळं मी सांगितलं.

म्हणून हे घर. ही भरपाई नव्हे, एवढं मला कळतं. शकुने त्यात राहावं, विकावं, भाड्याने द्यावं किंवा कुलूप घालून फिरायला जावं. तिला विचारल्याशिवाय या घराचं कोणी काही ठरवू नये, विनीतानेही नाही. विनीताला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "इसमें सोचना क्या, आई? घर आत्याचंच आहे." तिने मला आई म्हटलं, हेही नोंदवून ठेवते.

७. या कागदाची अंमलबजावणी विनीताने करावी. माझे दिवस घालताना श्रीखंड करू नये, मला ते कधीच आवडलं नाही.

साक्षीदार म्हणून शकुलाच सही करायची होती. चष्मा लावून, पदर खोचून ती तयार बसली होती. वकीलसाहेबांनी समजावलं की ज्याला मिळकत मिळते, त्याने साक्ष घालायची नसते.

"काहून जी? वहिनीचं सगळं पाहिलं ते मीच तं."

"दीदी, कायदा है. नहीं तो घर आपको नहीं मिलेगा."

"मंग घर राहू द्या," शकु म्हणाली. "मले सही करू द्या."

तिचं हे एवढं आम्ही ऐकलं नाही.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) शैलजा श्रीरंग खानझोडे

साक्षीदार:
१. (सही) ज्योती बळीराम ठवकर, शेजारी, राइट टाउन
२. (सही) शालिग्राम नथ्थू उमरेडकर, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कांचघर

जबलपूर, दिनांक १४ ऑक्टोबर २०१२