मागच्या दाराच्या कुलपाबाबत

मी, वर्ना टॅकेट, कै. हार्लन टॅकेट यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार स्लेट फोर्क, केंटकी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने करत आहे. माझी फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. इथले धर्मोपदेशक ब्रदर कॉय लेजरवुड आणि त्यांच्या मुक्तद्वार मंडळी या पंथाचे लोक उद्या म्हणतील, म्हातारीला भ्रम झाला होता. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मंडळीच्या सभागृहात माझ्याकडून पूर्वी लिहून घेतलेले मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम एक. माझी शेजारीण बर्निस कॉम्ब्ज हिला मी व्यवस्थापक नेमते. माझा बिडाचा तवा तिला द्यावा. बर्निस, तो साबणाने घासलास तर बघ. मक्याचा पाव पुन्हा त्यातून सुटायचा नाही.

कलम दोन. हार्लनची सुतारकामाची हत्यारे इरा हॉब्जला मी आधीच दिली आहेत. तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही असे वकील म्हणाले. त्यातल्या मोठ्या रंध्याने हार्लनने अक्रोडाची एक फळी तासली होती. ती आजही ब्रदर कॉयच्या व्यासपीठामागे आहे. तिच्यावर खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला कोणाची ना कोणाची चावी.

“चावी खिशात आहे तोवर पायात बेडी आहे! टांगा, आणि मोकळे व्हा!” ब्रदर कॉय गरजायचे. लोक रडत पुढे जायचे. घराची, गाडीची, दुकानाची चावी टांगून हलके होऊन परतायचे. मीही परतले. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी फार बरे वाटले होते. पुढे दात दुखला तरी त्यांच्यापुढे उभे राहून विचारावे लागे, “ब्रदर, ट्रकची चावी मिळेल का?” आणि ते विचारत, “कशाला, सिस्टर? पुन्हा बेडी हवीशी वाटते का?”

मंडळीच्या आवारातच हार्लनच्या छातीत कळ आली तेव्हा मी ट्रकच्या चावीसाठी ब्रदर कॉयकडे धावत गेले. फोनही त्यांच्याच खोलीत असे. माझी चावी मुठीत धरून ते म्हणाले, “आधी प्रार्थना. घाई ही सैतानाची.” प्रार्थना संपली तेव्हा हार्लनही संपला होता. आमची एकुलती एक मुलगी डार्ला माझा हात धरून म्हणाली, “रडू नकोस आई, बाबा मोकळे झाले.” मी मंडळी सोडली आणि तिथून चालत घरी आले. ती आली नाही.

कलम तीन. ब्रदर कॉय लेजरवुड यांच्याकडे माझ्या ट्रकची चावी अजून आहे. ट्रक मी भंगारात घातला. चावी त्यांनी ठेवून घ्यावी. माझ्या मालमत्तेतून त्यांना एवढेच.

कलम चार. राहते घर. ते मी डार्लाच्या नावावर करत नाही. मंडळीतल्या माणसाला मिळालेले सगळे मंडळीचे होते. सकाळी तिच्या नावावर केले तर संध्याकाळी तिथे ब्रदर कॉय जेवायला बसतील. घर बर्निसने विश्वस्त म्हणून सांभाळावे आणि डार्लाला त्यात हयातभर राहता यावे. ते विकता, गहाण टाकता वा दान देता येणार नाही. डार्लाच्या पश्चात विकून रक्कम काउंटीच्या रुग्णवाहिकेला द्यावी.

वकिलांनी इथे एक ओळ घातली होती: “तिने मंडळी सोडल्यास.” मी ती खोडून घेतली. ते म्हणाले, “बाई, अट नसेल तर ती येईलच कशावरून?” मी म्हटले, “माझ्या पोरीला अटी घालणारा एक माणूस आहे तेवढा पुरे.” ती कायमची येवो, एका रात्रीपुरती येवो, मंडळीचा झगा अंगावर घेऊन येवो. तिची खोली तिचीच आहे.

कलम पाच. हे मृत्युपत्र न्यायालयाच्या माणसाने डार्लाच्या स्वतःच्या हातात द्यावे. माझी पत्रे मंडळीवाले तिच्यापर्यंत पोचू देत नाहीत, पण हा कागद अडवण्याची त्यांची छाती होणार नाही. तेवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

गेल्या महिन्यात ती किराणा दुकानात भेटली. सोबत नेहमीप्रमाणे मंडळीची एक बाई होतीच. ती बाई पिठाचा भाव विचारायला वळली तेवढ्यात डार्ला पुटपुटली, “आई, मागच्या दाराची चावी अजून कुंडीखालीच असते का गं?” मी तोंड उघडले, तोवर बाई परत आली. “चल, सिस्टर डार्ला.” ती गेली. तिच्या पायात मोजे नव्हते. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

डार्ला, उत्तर राहिले होते. चावी कुंडीखाली नाही. चावी कुठेच नाही. मागच्या दाराचे कुलूप मी काढून टाकले आहे, आणि माझ्यानंतरही तू सांगेपर्यंत कोणी तिथे नवे बसवू नये. कोणाला विचारू नकोस. फक्त ये.

वरील सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.

वर्ना टॅकेट
स्लेट फोर्क, केंटकी
अकरा नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस

साक्षीदार:
नेल्डा क्रिस्प, वकिलांच्या कचेरीतील लेखनिक. सही माझ्यासमोर झाली.
इरा हॉब्ज, सुतार. सही माझ्यासमोर झाली. कुलूप मी स्वतः काढले आहे. दार जरा पावसाने फुगले होते, तेही घासून दिले. आता बोटाने ढकलले तरी उघडते.