मिस्ड कॉल शून्य

३ नोव्हेंबर
पुण्याच्या सेमिनारहून काल रात्री परतलो. डोळे उघडले. टाय लावलेला एक जण सांगत होता, टेलिकॉम कंपन्यांचा जमाना संपला, आता त्या म्हणजे नुसता नळ, पाणी आपलं. कॉल सगळे इंटरनेटवरून. बाकीचे तेव्हा चहाला उठले होते, म्हणजे कळलं ते फक्त मला.

अकरा वर्षं झाली, मी गाई भरवतो. कृत्रिम रेतन. गोठवलेल्या रेताचा नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधायचा आणि घोडेगाव, शिनोली, वर डोंगरातल्या वस्त्या. आणि एवढ्या धंद्याचं कम्युनिकेशन काय? मिस्ड कॉल! एक रिंग म्हणजे गाय माजावर. दोन म्हणजे म्हैस. तीन म्हणजे विताना अडली, पळत ये. नंबर बघितला की वस्ती कळते. लिहायलासुद्धा लाज वाटते.

निश्चय: महिन्याभरात कॉर्पोरेट.

५ नोव्हेंबर
इंटरनेट फोन घेतला. एसटी स्टँडमागे खोली, राउटर, हेडसेट. नवा नंबर लक्षात ठेवायला अवघड आहे, पण प्रतिष्ठित नंबर तसेच असतात. सगळ्यांना मेसेज केला.

जुनं सिम केरात टाकलं. आरतीनं उचललं. बायकोला जुन्या वस्तू टाकवत नाहीत.

सिमच्या कंपनीला कळवावं म्हटलं, तुमचा खेळ संपला. त्यासाठी पाऊण तास त्यांचं गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली आणि रिचार्ज करणार का विचारू लागली. बिचारी. गाणं मात्र छान होतं. आपल्याकडेही पाहिजे.

६ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग केलं. आवाज माझाच. जालिंदर कॅटल ब्रीडिंग सोल्युशन्समध्ये आपलं स्वागत आहे. गाय माजावर असल्यास एक दाबा, म्हैस असल्यास दोन, अडली असल्यास तीन, आमच्या ध्येयधोरणांसाठी चार, सूचना व अभिप्रायासाठी पाच. सव्वादोन मिनिटं. मग गाणं.

तात्यांना ऐकवलं. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. म्हणाले, आमी डोंगरावरनं हाळी देत व्हतो, येवढ्या येळात मेंढरं घरी येत व्हती. वयाचा परिणाम.

८ नोव्हेंबर
पहिला रिपोर्ट. कॉल चौतीस. मिस्ड कॉल शून्य!

शून्य! अकरा वर्षांत पहिल्यांदा. रिंग अर्धी वाजायच्या आत सिस्टीम फोन उचलते. मिस्ड कॉल द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही. बटण अजून कोणी दाबलेलं नाही. 'स्वागत आहे' ऐकलं की ठेवतात. स्वागतानंच समाधान होत असावं.

१० नोव्हेंबर
ठकूबाईंचा कॉल. डोंगराकडची म्हातारी, एकच म्हैस. चार मिनिटं बोलली, सगळं रेकॉर्ड झालंय. म्हणते, जालिंदरा, म्हस वरडतीया. आरं आधी ऐक तरी. मी बोलतीया न्हवं! मग म्हणते, आवाज का रं असा, बसलाय का घसा, काढा घे जरा. मग गाणं लागलं, तर म्हणते, म्हस वरडतीया आन् ह्यो गातोय. पुढचं लिहीत नाही.

दोन नंबर दाबला नाही, त्यामुळे मागणी नोंदली गेली नाही. नियम म्हणजे नियम. पण चार मिनिटं! ग्राहक जोडला गेला म्हणायचा.

१४ नोव्हेंबर
महत्त्वाचा दिवस. शिनोलीच्या दूध संकलन केंद्राचे चेअरमन भगवंतअण्णा. केंद्राची तीनशे जनावरं एकाच माणसाकडे द्यायचं चाललंय, मीटिंग ८ डिसेंबरला. माणूस अर्थात मीच. ते मिळालं की बाकी गावं नसली तरी चालेल, आणि ते नाही मिळालं तर... नाही, असलं लिहायचं नाही.

सकाळी आरती म्हणाली, अण्णांची गाय माजावर आलीया, जा लवकर. मी तिला शांतपणे समजावलं, तोंडी निरोप घेणं बंद, चॅनेलनं या. तिला कसं कळलं ते विचारायचं राहिलं.

सात वाजता अण्णांनी चॅनेलनं फोन केला. लाइट गेली होती, राउटर बंद. पण सिस्टीम वर ढगात असते, तिनं सांभाळून घेतलं. सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, रांगेत आपण सातवे आहात. सातवा मीच सेट केलाय. पहिला म्हटलं तर धंदा नाही असं वाटतं. अण्णा अठरा मिनिटं रांगेत राहिले. केवढा विश्वास!

आपण होऊन उलट फोन करणं पॉलिसीत नाही. आणि घाई कशाला? हा माज गेला तर एकवीस दिवसांनी परत येणार. म्हणजे ५ डिसेंबर. मीटिंगच्या बरोबर तीन दिवस आधी. उलट बरंच झालं. कॅलेंडरवर गोल केला.

२० नोव्हेंबर
कॉल चौतीसचे नऊ, नऊचे दोन. अनावश्यक कॉल गळाले.

शिनोलीच्या फाट्यावर मोहित भेटला. पेठचा पोरगा, तोही हेच काम करतो. पेठवरून इकडे गाडी मारतो, वेड लागलंय. फोनला रबर लावलेलं. चहाला बसलो. म्हणाला, भाऊ, तुमी काम बंद केलं का? मी त्याला नळ आणि पाणी समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्याच्या फोनची एक रिंग वाजली. अर्धा चहा टाकून उठला. समोरच्याचं ऐकून घ्यायची शिस्त नाही.

२७ नोव्हेंबर
आरती सांगायला लागली, अवो, रोज पाच-सात जणांच्या... मी म्हटलं, सूचनांसाठी पाच दाबा. पाच दाबलं नाही, ताट आपटलं.

५ डिसेंबर, पहाटे ५
एकविसावा दिवस. इन्व्हर्टर बसवला. हेडसेट लावून बसलोय. अण्णांसाठी रांग सातवरून तीनवर आणली.

सकाळी ११
कॉल नाही.

दुपारी १
घरमालकाच्या फोनवरून लावून बघितला. सिस्टीम ठणठणीत. आवाज खरंच चांगला आहे माझा.

संध्याकाळी ७
चारला राहवलं नाही, गेलो शिनोलीला. अण्णा धार काढत होते. म्हणाले, गाय कशी येईल माजावर? चौदा तारखेलाच मोहितनं भरली. परत माजावर उलटली न्हाई, गाभण ऱ्हायली दिसतीया. त्यो पेठवरनं आला राव, आन् तू हाकेवर. मग कासंडी खाली ठेवून विचारलं, जालिंदर, तुझ्या रांगेत मी सातवा व्हतो. माझ्या म्होरं सा जण कोण व्हते रं?

ग्राहकांची माहिती गोपनीय असते, असं सांगितलं.

८ डिसेंबर
मीटिंग झाली. तीनशे जनावरं मोहितकडे. शिनोलीची मानसिकता अजून तयार नाही. जेवलो नाही. पित्त.

९ डिसेंबर
दुपारी घरी आलो तर अंगणात मोहितची मोटारसायकल. गोठ्यात मोहित. तात्यांनी आमची तांबडी धरलेली. पहाटेपासून माजावर होती म्हणे. आरतीनं मला फोन लावला होता, नव्या नंबरवर. सातवी. (रांग परत सातवर मीच नेली होती.) मग तिनं मोहितला एक रिंग दिली.

मोहित पैसे घेईना. म्हणाला, भाऊ, तुमच्याकडनं कसं घेऊ? त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर आरतीनं पदराखालून बटणांचा फोन काढला. आत माझं जुनं सिम, रिचार्ज मारलेलं. महिनाभर सगळे मिस्ड कॉल तिच्याकडे येत होते. म्हणाली, पैले दहा दिवस तुमालाच सांगितलं. तुमी चॅनेल चॅनेल करत बसला. लोकांच्या गाई का तुमच्या रांगेत उभ्या ऱ्हायच्या? एक माज गेला की एकवीस दिस गेले त्यांचे. मग मी द्यायला लागले मोहितला निरोप.

खरं लिहितो: अकरा वर्षांची वस्ती न् वस्ती त्या एवढ्याशा सिममध्ये होती, आणि ते मी केरात टाकलं होतं.

फोन मागून घेतला. तिनं दिला. ओट्यावर घेऊन बसलो.

पाच वाजता रिंग. दोनदा वाजून बंद. नंबर पाठ होता, ठकूबाई. दोन म्हणजे म्हैस! कॅन बांधला आणि सुटलो. डोंगराच्या चढाला गाडी पहिल्या गियरवर नेली, एकदाही थांबलो नाही.

रात्री ९
ठकूबाई दारातच होती. मला बघून म्हणाली, तू कशाला आलास? आरतीला रिंग दिली की मोहित येतो.

म्हशीला हात लावू दिला नाही, त्याच फोनवरून मोहितला रिंग द्यायला लावली. मोहित येईपर्यंत मला ओसरीवर बसवलं आणि आतून काढा आणून दिला. म्हणाली, घे, तवा फोनवर घसा लई बसला व्हता तुझा.

प्यायलो. कडू होता.