वेवजीचा तारांकित प्रश्न

प्रिय ताई,

आज लोकसभेचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले, कोणी शेर ऐकवले, जाता जाता गळाभेटीही झाल्या. सभागृहाच्या पाच वर्षांच्या कामावर मला संध्याकाळपर्यंत लेख द्यायचाय. पहिलं वाक्य लिहायला बसलो आणि तुझी आठवण आली. तुझं तेरावं करून दिल्लीला परतलो त्याला थोडेच दिवस झालेत. लेख होईल वेळेत. आधी तुला लिहितो.

तुमच्या वेवजी गावात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा तू फोनवर हसत होतीस. "भांडं पडलं की सविता विचारते, आई, तुमच्या हातून पडलं की धरणीच्या?" मग स्वयंपाकघराची भिंत तडकली आणि तुम्ही सासू-सुना अंगणात ताडपत्रीखाली राहायला गेलात. तेव्हा तू विचारलंस, "तू रोज संसदेत जातोस ना रे? मग आमचं कोणी विचारत का नाही? घरं दुरुस्त करून देणार की नाही, एवढंच विचारायचंय."

ओळखीच्या एका खासदाराला मी सांगितलं. परराज्यातला, पण भला माणूस. त्याने प्रश्न दिला आणि सोडतीत तो वर लागला, तोही तारांकित. म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं, उपप्रश्न झेलायचे. केवढ्या उत्साहाने मी तुला हे समजावलं! त्या दिवशी तू टीव्ही अंगणात आणवलास आणि पाड्यावरच्या बायकांना बोलावलंस.

प्रश्नोत्तराचा तास सुरू होताच फलक निघाले, घोषणा सुरू झाल्या आणि सभागृह तहकूब झालं. मी पत्रकार कक्षातून बाहेर येऊन तुला फोन केला.

"काय रे दिनू, टीव्हीवाली सांगत होती, सदस्य हौद्यात उतरले. पाणी असतं का त्यात?" मागे बायका हसत होत्या.

"नाही गं. अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेला हौदा म्हणतात."

"असू दे. आमच्या प्रश्नाचं काय?"

"आता लेखी उत्तर मिळालं असं धरतात."

"वाच मग."

मी वाचलं. माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल.

तू म्हणालीस, "कोणाकडून गोळा करतायत? इथं तर कोणी आलं नाही."

दुपारी सभागृह पुन्हा भरलं. त्याच घोषणांमध्ये एक विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं, चर्चेशिवाय. गोंधळात कायदा करता येतो, ताई. प्रश्न विचारायला मात्र शांतता लागते. घोषणा देणारे बातम्यांत दिसतात, सरकारचं काम उरकतं, आम्हाला मथळा मिळतो. हे सगळं नियमात बसतं. ते नियम मला पाठ आहेत, वाचकांना मी ते वर्षानुवर्षं समजावून सांगतोय. तुला समजावताना मात्र माझी मान खाली गेली.

तूही हट्टी. मसोलीला आपल्या घरी येऊन राहा म्हणून किती विनवलं तुला! "सुनेला एकटी टाकून येऊ?" थंडी छातीत बसली तरी मला म्हणालीस, साधी सर्दी आहे. का लपवलंस? डहाणूच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तुला बोलताही येत नव्हतं.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर सविताने विचारलं, "मामा, ती माहिती गोळा झाली का?" तिने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती. अजून ताडपत्रीखालीच राहते ती.

लोकसभा विसर्जित झाली की तिथली अडकलेली विधेयकं संपतात. मंत्र्याने सभागृहाला दिलेलं आश्वासन मात्र संपत नाही, आणि 'माहिती पटलावर ठेवू' हेही आश्वासनच धरतात. ते नव्या लोकसभेच्या आश्वासन समितीपुढे जातं. माझ्या हातात आता एवढंच आहे. नवी समिती नेमली गेली की तिच्या दारात जाईन, विचारत राहीन, छापत राहीन. माहिती आली तर वेवजीला येऊन सविताला आणि पाड्यावरच्या बायकांना वाचून दाखवीन. आली नाही, तर तेही फोनवर सांगणार नाही. येईन, त्यांच्यासमोर बसेन आणि त्यांच्या डोळ्यांत बघून सांगेन.

तुझा भाऊ,
दिनू